पित्तनलिकेच्या तोंडाशी: ईआरसीपीबद्दल नातेवाईक विचारतात ते प्रश्न

माझं काम तार धरण्याचं. कोल्हापुरातल्या एका एंडोस्कोपी रूममध्ये मी बरीच वर्षं सिस्टर आहे. ईआरसीपी म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेवर करायचं काम. ते चालू असताना दुर्बीण सरांच्या हातात असते आणि तिच्यातून आत जाणारी बारीक तार माझ्या. दार उघडून बाहेर आले की बाकावरची माणसं उठून उभी राहतात आणि प्रश्न सुरू होतात. तेच प्रश्न इथे घेतलेत. खडा कसा काढतात हे सगळेच विचारतात. नळीत शिरतात कसं, हे फार थोडे विचारतात. खरी कसोटी तिथेच असते, म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहिलंय.

सिस्टर, ही तपासणी आहे की ऑपरेशन?

दोन्हीच्या मधलं. पोटावर टाका पडत नाही, पण नुसतं बघून परत येणंही नसतं. यकृतात तयार झालेलं पित्त ज्या नळीने आतड्यात उतरतं, तिचं तोंड लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उघडतं. तोंडावाटे दुर्बीण तिथवर न्यायची, त्या तोंडातून पित्तनलिकेत शिरायचं, एक्स-रेच्या पडद्यावर नळी बघायची आणि अडकलेला खडा काढायचा किंवा अरुंद झालेल्या जागी स्टेंट बसवायचा, असं हे काम. नुसत्या निदानासाठी ईआरसीपी आता जवळजवळ कुणी करत नाही. ते एमआरसीपीने (एमआरआय मशीनवर काढलेल्या पित्तनलिकेच्या चित्राने) किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफीने (दुर्बिणीच्या टोकाने आतून केलेल्या सोनोग्राफीने) कळतं, आणि त्यात धोकाही कमी.

शेजारच्या काकूंची दुर्बीण पाच मिनिटांत झाली. आमच्या आईला तासभर का लागला?

काकूंची दुर्बीण समोर बघणारी होती. ईआरसीपीच्या दुर्बिणीचा कॅमेरा बाजूला असतो, कारण पित्तनलिकेचं तोंड आतड्याच्या बाजूच्या भिंतीवर असतं. दुर्बीण पुढे सरकते आणि नजर मात्र आडवी, हे नवीन शिकणाऱ्याला फार जड जातं. या दुर्बिणीच्या टोकाला एक छोटी पट्टी असते. ती वर-खाली करून आतून येणाऱ्या नळीचं तोंड हवं तिकडे वळवता येतं.

भिंतीवरचा तो उंचवटा म्हणजे पॅपिला. साधारण हरभऱ्याएवढा, वर कातडीची घडी आणि टोकाला दिसेल न दिसेल असं छिद्र. अब्राहम व्हॅटर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन १७२० मध्ये केलं. त्याच्याभोवती स्नायूचं कडं असतं. जेवण झालं की ते सैल होऊन पित्त सोडतं, एरवी आवळलेलं असतं. या कड्याला ज्यांचं नाव आहे त्या रुग्गेरो ओड्डींनी १८८७ मध्ये त्यावर लिहिलं, तेव्हा ते इटलीत वैद्यकीचे विद्यार्थी होते. बंद राहण्यासाठीच बनलेलं हे दार आम्हाला बाहेरून, उलट्या दिशेने उघडायचं असतं.

मग आत शिरतात तरी कसं?

बहुतेक जणांत या एकाच छिद्राच्या आत दोन वाटा निघतात. एक पित्ताची, वर यकृताकडे जाणारी. दुसरी स्वादुपिंडाची. पॅपिला समोर धरून ती घड्याळाची तबकडी समजली, तर पित्ताची वाट अकराच्या दिशेला आणि स्वादुपिंडाची एकच्या दिशेला. दोन्हींत फरक काही मिलिमीटरचा. हव्या त्या वाटेला लागलात तर काम झालं. दुसऱ्या वाटेत पुन्हा पुन्हा गेलात तर स्वादुपिंड चिडतं आणि सुजतं.

आधी सर दुर्बीण मागे ओढून सरळ करतात. जठरात पडलेला तिचा झोल निघतो आणि पॅपिला पडद्याच्या मधोमध येते. यासाठी लागलेली दोन मिनिटं पुढची वीस वाचवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग स्फिंक्टरोटोम नावाची नळी आत जाते. तिच्या टोकाला धनुष्याच्या दोरीसारखी धातूची बारीक तार असते. ही दोरी ताणली की नळीचं टोक वर वाकतं, म्हणजे अकराच्या दिशेला. ही दोरी ताणायची मूठही माझ्याच हातात.

त्या नळीच्या पोटातून गाइडवायर जाते, ०.०२५ किंवा ०.०३५ इंच जाडीची, म्हणजे एक मिलिमीटरहूनही बारीक. तिचं टोक ओलं झालं की बुळबुळीत होतं. पूर्वी आधी डाय (एक्स-रेवर नळी उठून दिसावी म्हणूनचा द्रव) सोडायचे आणि पडद्यावर वाट दिसली की आत शिरायचे. आता तार आधी आणि डाय नंतर, कारण स्वादुपिंडाच्या नळीत डाय भरली की सुजेचा धोका वाढतो. या पद्धतीने सूज कमी येते आणि आत शिरणंही जास्त वेळा जमतं, असं अभ्यासांतून दिसलंय.

रूममध्ये तेव्हा फारसं बोलणं नसतं. "सिस्टर, थोडं ताणा." "तार हळू." "थांबा. मागे." तार दोन बोटांत घेऊन मी मिलिमीटर-मिलिमीटर पुढे-मागे करते. वाट बरोबर असेल तर ती आपसूक सरकते. अडली तर बोटांना कळतं, आणि तेव्हा ढकलायचं नसतं. सराफांच्या गुजरीत साज ओवणारा कारागीर बघा, मणी अडला की तो दोरा दाबत नाही, मणी फिरवतो. आम्हीही कोन बदलतो.

तार गेली कुठे, ते एक्स-रेच्या पडद्यावर दिसतं. वर यकृताकडे चढत गेली तर पित्तनलिका. मणक्यावरून आडवी पलीकडे गेली तर स्वादुपिंडाची नळी. तार वर चढताना दिसली की सर फक्त "हं" म्हणतात. तो "हं" ऐकला की माझे खांदे सैल होतात.

सरळ नाही जमलं तर किती वेळ प्रयत्न करतात?

हा प्रश्न प्रत्येकाने विचारायला हवा. आत शिरणं "अवघड" कधी म्हणायचं, हे युरोपातल्या एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये ठरवून दिलं. पॅपिलाला पाचपेक्षा जास्त वेळा स्पर्श झाला, पॅपिला दिसल्यापासून पाच मिनिटांहून जास्त वेळ गेला, किंवा तार अथवा डाय नको असताना एकापेक्षा जास्त वेळा स्वादुपिंडाच्या नळीत गेली, यातलं एक जरी झालं तरी ती अवघड केस. मग तोच हट्ट पुढे चालवायचा नाही, पद्धत बदलायची. आमच्या रूममध्ये हा हिशोब मी ठेवते. सर कामात गुंतलेले असतात, म्हणून "पाच झाले" हे मोठ्याने सांगणं माझं काम. त्यात संकोच चालत नाही, कारण दर वेळी टोचून पॅपिला सुजली की छिद्र आणखी मिटतं.

पद्धत बदलायची म्हणजे काय करतात?

तार सारखी स्वादुपिंडाकडेच जात असेल तर ती तिथेच राहू देतात. ती वाट आता अडलेली, आणि वेडीवाकडी पॅपिलाही त्या तारेमुळे सरळ होते. मग दुसरी तार पहिलीच्या वरून अकराच्या दिशेला घालतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, चुकलेली तार काढत का नाहीत? पण ती चुकलेली तारच वाट दाखवत असते. ही दोन तारांची पद्धत.

त्यानेही जमलं नाही तर स्वादुपिंडाच्या वाटेतूनच पित्ताच्या दिशेला छोटा छेद देऊन मधला पडदा उघडतात. किंवा सुईसारखी टोकदार सुरी घेऊन पॅपिलाचं कातडं थर-थर उघडत पित्तनलिका शोधतात. याला प्रीकट म्हणतात. प्रीकटचाच एक प्रकार छिद्राला हात न लावता त्याच्या वरच्या फुगीर भागावर करतात. नळी पित्ताने फुगून पॅपिला टम्म झालेली असेल तर तो मला सगळ्यात सुरेख वाटतो. कातडं उघडतं, आतला पांढुरका थर दिसतो आणि एकदम हिरवट-पिवळं पित्त उसळतं. पू झालेला असेल तर आधी पू येतो.

सुरीने कापणार म्हटल्यावर वडील घाबरलेत. धोका वाढत नाही का?

वडिलांना सांगा, पूर्वी डॉक्टरही घाबरायचे. प्रीकटने स्वादुपिंडाला सूज येते, असं बरीच वर्षं मानलं जायचं. पुढे लक्षात आलं की प्रीकटची पाळी येईपर्यंत तासभर चाललेली टोचाटोचीच बऱ्याच अंशी त्याला कारण होती. सरावलेल्या हाताने लवकर केलेला प्रीकट सूज वाढवत नाही. पण "सरावलेल्या हाताने" हे शब्द गाळू नका. रक्तस्राव आणि आतड्याला छिद्र पडणं हे धोके त्यात आहेतच, म्हणून शिकाऊ हातात ती सुरी देत नाहीत. "ईआरसीपी नेहमी करता का?" असं डॉक्टरांना विचारण्यात उद्धटपणा काही नाही. चांगले डॉक्टर त्याचं सरळ उत्तर देतात.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आज आत जाता आलं नाही." मग पैसे आणि उपास वाया गेले?

हे ऐकताना माणसांचे चेहरे उतरतात. मागे गडहिंग्लजकडच्या एका आजींच्या वेळी असंच झालं. पॅपिलाच्या शेजारी आतड्याचा कप्पा बाहेर ढकललेला, आणि पॅपिला त्या कप्प्याच्या कडेला आत वळलेली. उतारवयात असे कप्पे बऱ्याच जणांत असतात. प्रीकट केला, पण सूज आणि थोडं रक्त यांत काही दिसेना. सरांनी दुर्बीण बाहेर काढली. मुलगा चिडला, "पुण्याला नेतो" म्हणाला. आजींना ताप नव्हता, म्हणून तीन दिवस थांबलो. सूज उतरल्यावर दुसऱ्यांदा गेलो आणि तार पहिल्या मिनिटात वर चढली. आधी दिलेला छेदच तेव्हा दार होऊन बसला होता.

हे काही नशीब नव्हे. प्रीकटनंतर दोन ते चार दिवस थांबून केलेला दुसरा प्रयत्न पुष्कळदा जमतो, म्हणून रुग्णाची तब्येत थांबण्यासारखी असेल तर थांबतात. ताप, थंडी आणि पित्तनलिकेत पू असेल तर मात्र वेळ नसतो. तेव्हा रेडिओलॉजिस्ट बरगड्यांच्या मधून यकृतातल्या पित्तनलिकेत सुई घालतात आणि पित्त बाहेरच्या पिशवीत काढतात. त्याच वाटेने तार खाली आतड्यात सोडली की आमची दुर्बीण ती तार तिथे पकडते. दोन्हीकडून येऊन मध्ये भेटायचं. एंडोस्कोपिक सोनोग्राफीची सोय असेल तर जठरातून किंवा आतड्यातून थेट नळीत सुई घालूनही तार उतरवता येते. थेट आतून पित्ताला वाट करून देण्याचं काम मार्सेयच्या मार्क जोव्हानिनी यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलं.

योग्य वेळी हात मागे घेणाऱ्या डॉक्टरवर माझा जास्त विश्वास आहे. सरावलेल्या हातांनाही दर शंभरात काही जणांच्या नळीत पहिल्या खेपेला शिरता येत नाही.

ही पद्धत नवीन आहे का?

अजिबात नाही. विल्यम मॅक्युन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये अमेरिकेत पॅपिलातून नळी घातली. पाठोपाठ जपानी डॉक्टरांनी बाजूला बघणारी चांगली दुर्बीण आणली. १९७४ मध्ये जर्मनीत क्लासन आणि डेमलिंग, जपानात कावाई यांनी पॅपिलाचं कडं आतून कापून खडे काढायची वाट उघडली. त्याआधी पित्तनलिकेतल्या खड्यासाठी पोट उघडावं लागायचं.

गावात कावीळ उतरवतात. आधी ते करून बघू का?

नको. हे रागाने सांगत नाही, कळकळीने सांगते. कावीळ एकाच प्रकारची नसते, हे ध्यानात घ्या. व्हायरसने यकृताला सूज आली तर बऱ्याचदा ती आपोआप उतरते. त्या वेळी पाला घेतला असेल तर श्रेय पाल्याला मिळतं. नळीत खडा किंवा गाठ अडकून झालेली कावीळ अशी उतरत नाही. लघवी गडद, शौच मातीसारखं पांढरट, अंगाला खाज, ही तिची खूण. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन निघालेलं पिवळं पाणी ही कावीळ नसते. चुना आणि झाडाची साल एकत्र आली की पाणी पिवळं होतं, हात कुणाचेही असोत. उसाच्या रसाने नळीतला खडा हलत नाही, आणि मधुमेह असेल तर रस घातकच.

कावीळ, उजव्या बाजूला दुखणं आणि थंडी वाजून ताप, हे तिन्ही एकत्र असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. चंदगड किंवा गगनबावड्याकडून यायचं असेल तर सकाळची एसटी बघत बसू नका, १०८ ला फोन करा.

आदल्या दिवशी काय पाळायचं?

सहा ते आठ तास जेवण बंद. पाण्याचं भूलतज्ज्ञ सांगतील तसं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल आधी बोला. ॲस्पिरिन बहुतेकदा चालू ठेवतात, क्लोपिडोग्रेल आणि वॉरफरिन सहसा काही दिवस आधी थांबवावी लागतात. पण हृदयात स्टेंट असेल तर स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. दातांची कवळी काढून ठेवा. गरोदरपणाची शंका असेल तर नक्की सांगा, एक्स-रे वापरतो म्हणून. मंगळसूत्रही काढावं लागतं. बायका कचरतात, मला समजतं. मी ते रुमालात बांधून त्यांच्या मुलीच्या किंवा सुनेच्या हातात त्यांच्या डोळ्यांदेखत देते.

स्वादुपिंडाला सूज येते म्हणतात, ते खरं?

खरं आहे, आणि संमतिपत्रावर सही करण्याआधी समजून घ्या. दर शंभरात साधारण तीन ते दहा जणांना ती येते. बहुतेकांची सौम्य असते, दोन-तीन दिवस सलाईनवर उतरते. क्वचित गंभीर होते, अगदी क्वचित जिवावर बेतते. तरुण बायका, बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं प्रमाण) नॉर्मल असलेले, आधी एकदा अशी सूज येऊन गेलेले आणि आत शिरायला त्रास झालेले, यांना धोका जास्त. म्हणून आधीच शौचाच्या जागेतून डायक्लोफिनॅक किंवा इंडोमेथॅसिनची १०० मिलिग्रॅमची सपोझिटरी देतात. स्वस्त औषध आहे, पण त्याने सूज येण्याचं प्रमाण खरंच घटतं. काहींना स्वादुपिंडाच्या नळीत छोटा स्टेंट ठेवतात. तो बहुधा आपोआप पडतो, पण पडला का, हे आठ-दहा दिवसांत एक्स-रे काढून बघावंच लागतं.

घरी गेल्यावर पोटात वरच्या बाजूला सुरू होऊन पाठीत जाणारी कळ, ताप किंवा काळं शौच झालं तर लगेच परत या. लांबच्या गावची माणसं असतील तर पहिली रात्र इथेच काढा.

जठराचं जुनं ऑपरेशन झालंय. अडचण येते?

येते. आतड्याची जोडणी बदललेली असते, त्यामुळे पॅपिलापर्यंतची वाट लांबते किंवा उलट बाजूने येते. घड्याळाचा अकराही मग पाचला जातो. जुने कागद घेऊन या, पिवळे पडलेले असले तरी.

काढलेला खडा दाखवाल?

पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर बाटलीत खडे देतात, म्हणून सगळे मागतात. इथे खडा नळीतून आतड्यात पाडतो, तो शौचावाटे निघून जातो. पडद्यावरचा फोटो मात्र दाखवू शकतो.

खडा निघाला, मग पित्ताशय काढायची काय गरज?

पित्ताशय ही खड्यांची खाण आहे. आम्ही नळी साफ केली, खाण तशीच आहे. तब्येत साथ देत असेल तर दोन आठवड्यांच्या आत दुर्बिणीने पित्ताशय काढून घ्यावं. "ऊस तुटला की येतो" म्हणून गेलेली माणसं पुन्हा कावीळ घेऊन आलेली मी पाहिली आहेत.

मटण कधीपासून?

कोल्हापूरच आहे, हा प्रश्न येणारच. पोट दुखत नसेल तर पहिल्या दिवशी पाणी, पेज, मऊ भात. पुढचे काही दिवस साधं जेवण. पित्ताशयात खडे बाकी असतील तर तांबड्या रश्श्यावरचा कट आणि तळलेलं लांब ठेवा, कळ उठू शकते. ऑपरेशन होऊन सगळं निस्तरलं की जन्मभराचं पथ्य काही नाही. दारूचं वेगळं, ती नकोच.

योजनेत बसतं का?

महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. दाखल होतानाच रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन त्यांना भेटा. मंजुरी आधी लागते, नंतर धावपळ करून उपयोग नसतो. पित्ताशयाचं ऑपरेशनही बाकी असेल तर दोन्हींचं एकदमच विचारा.

स्टेंट बसवलाय. आता दुखत नाही. काढायलाच हवा?

हवाच, आणि तारखेलाच. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो. धातूचा जास्त टिकतो, त्याचं वेळापत्रक वेगळं. प्लास्टिकच्या स्टेंटमध्ये गाळ साचतो, तो तुंबतो आणि थंडी-ताप घेऊन माणूस परत येतो. एका मामांचा स्टेंट दोन वर्षं आत राहिला होता. दुखत नव्हतं म्हणून विसरले, फाईल माळ्यावर गेली. काढताना त्याच्याभोवती लांबट खडा झालेला, आणि त्या दिवशी आम्हाला तीन तास लागले.

तेव्हापासून डिस्चार्जच्या वेळी मी फाईलवर विसंबत नाही. घरात कॅलेंडर कुठे टांगलंय, ते विचारते. बहुतेकदा स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारी. मग सुनेला किंवा मुलाला घरी फोन लावायला सांगते, समोरच्याला पेन घ्यायला लावते, आणि तीन महिन्यांनंतरच्या त्या चौकोनात "आईचा स्टेंट" एवढे दोन शब्द लिहून होईपर्यंत फोन ठेवू देत नाही.